विधी सहाय्य केंद्रात पहिल्यांदा बसताय? कायदा नंतर, आधी पोच

लॉ कॉलेजला ॲडमिशन झाली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी नोटीस बोर्डावर कागद लागतो, विधी सहाय्य केंद्रासाठी (गरजूंना फुकट कायद्याची मदत करणारं कॉलेजचं केंद्र) नावं द्या म्हणून, आणि आपण देतो पण, कारण सर्टिफिकेट मिळणार असतं आणि मैत्रिणीनंही दिलेलं असतं. मग एका शनिवारी आपल्याला टेबलामागे बसवतात, समोर एखादी आजी नाहीतर कडेवर पोर घेतलेली बाई येऊन बसते आणि लक्षात येतं की कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट पाठ आहे पण हिला पहिलं काय विचारायचं तेच माहीत नाही. मी पण अशीच बसले होते. आता वकिली करते, महिन्यातले दोन शनिवार त्याच टेबलाशेजारी नवीन पोरांसोबत बसते, आणि दरवर्षी तेच तेच सांगून घसा कोरडा पडतो म्हणून एकदाचं लिहून टाकतेय. सोशल वर्कवाले आणि एनएसएसवाल्यांनी पण वाचा, यातलं निम्म्याहून जास्त काम कायद्याचं नाहीच.

आधी आपण कोण ते समजून घ्या

तुम्ही वकील नाही. हे मी खडसावून सांगते कारण दुसऱ्या वर्षाला गेलं की पोरांना वाटायला लागतं. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ४५ मध्ये सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसताना कोर्टात वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणजे "मी बघते तुमची केस" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, कोर्टात उभं राहायचं नाही, फी घ्यायचा तर प्रश्नच नाही, कोणी प्रेमानं शंभराची नोट हातात कोंबली तरी नाही. (शेंगा, पेरू वगैरे आणतात लोक. ते टेबलावर सगळ्यांसमोर खायचं.)

मग आपण आहोत कोण? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या कलम ४ मध्ये लॉ कॉलेजांमधून अशी केंद्रं सुरू करायला प्रोत्साहन द्यावं असं लिहिलंय. तुमच्या केंद्राच्या वर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ते जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, त्याचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. या दोन ऑफिसांचा रस्ता पहिल्याच आठवड्यात पायानं बघून या, कारण पुढं लोकांना "डाव्या हाताच्या जिन्यानं वर, दुसरी खोली" असं सांगता आलं पाहिजे, "कोर्टात जाऊन चौकशी करा" म्हटलं की निम्मे लोक गेटवरूनच परत फिरतात.

आणि आपलं काम छोटं आहे असं समजू नका. १९८२ मध्ये पत्रकार शीला बर्सेंनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, त्यातल्या काहींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं, ते बर्सेंनी सुप्रीम कोर्टाला पत्रानं कळवलं. त्यावर कोर्टानं आत जाऊन त्या बायकांशी बोलून खरं काय ते शोधायला पाठवलं कोणाला, तर निर्मला निकेतन या सोशल वर्क कॉलेजच्या संचालिकेला. मग १९८३ चा निकाल आला, अटक झालेल्या माणसाची खबर पोलिसांनी लगेच विधी सहाय्य समितीला द्यावी वगैरे. म्हणजे आधी कोणीतरी जाऊन बसलं आणि ऐकून नीट लिहून घेतलं, निकाल त्याच्यानंतर.

फुकट वकील कोणाला

त्याच १९८७ च्या कायद्याचं कलम १२ तोंडपाठ करा, बाकी नाही केलं तरी चालेल. अनुसूचित जाती-जमातीतले, बाई, मूल, अपंग व्यक्ती, कोठडीत असलेला, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीतून आलेला, पूर-भूकंप-दुष्काळ-जातीय अत्याचार अशात सापडलेला, आणि यातलं काहीच नसेल तर कमी उत्पन्नवाला. महाराष्ट्रात ती उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३ लाख आहे.

आता इथं दरवर्षी होणारी चूक. बाई आली की नवीन पोरं विचारतात, ताई उत्पन्नाचा दाखला आणलाय का? अरे, तिला लागतच नाही! उत्पन्नाची अट फक्त शेवटच्या गटाला आहे. बाई म्हणून आली, मूल म्हणून आलं, एससी-एसटी आहे, अपंग आहे, तर पगार किती का असेना वकील मिळतो. तरी आपण तिला सेतूत पाठवतो, तिथं ती दोन दिवसांची मजुरी बुडवते, तलाठ्याकडं जाते, आणि तिसऱ्या वेळेस येतच नाही. आपण नियम न वाचल्यामुळं तिची केस तिथंच मेली.

अर्ज साधा असतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी चालतं, लिहून घ्यायचं काम आपलं. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला पाहिजे असा नियम आहे. वकील पॅनलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, मिळतो आणि त्यानं पक्षकाराकडनं एक रुपया घ्यायचा नाही, मागितला तर सचिवांना लेखी कळवायचं. फोनवर माहिती हवी असेल तर १५१००.

टेबलावर

आता माझी फजिती ऐका. (गाव, वय, आकडे थोडे बदललेत, ओळख पटू नये म्हणून.)

दुसऱ्या वर्षाला होते. सत्तरीच्या आसपासच्या एक आजी आल्या, हातात कापडाच्या दुकानाची कॅरीबॅग, त्यात सगळा संसार. लाइटबिल, पासबुक, डॉक्टरची चिठ्ठी, नातवाची लग्नपत्रिका, घडीवर फाटलेली रेशनकार्डाची झेरॉक्स आणि अगदी खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बक्षीसपत्र. मी बक्षीसपत्र बघितलं आणि माझ्या डोक्यात दिवाच पेटला, नुकतंच शिकवलं होतं ना! ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३, सांभाळायच्या अटीवर जमीन दिली आणि सांभाळलं नाही तर व्यवहार रद्द होऊ शकतो. वीस मिनिटं समजावलं मी. आजी शांतपणे ऐकत होत्या, मान पण हलवत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे गं बाय. ह्या कारडावरनं माझं नाव काडलंय, तांदूळ मिळंना, तेवढं बघ."

मुलानं वेगळं कार्ड काढताना आईचं नाव जुन्यातून कमी झालं होतं आणि नव्यात चढलंच नव्हतं. बस एवढंच, तिला तांदूळ पाहिजे होते.

तेव्हापासून माझा नियम आहे आणि आता तुमचा पण असू द्या. पहिली दहा मिनिटं कायद्याचं नाव घ्यायचं नाही. विचारायचं ते एवढंच की काय झालं, कधीपासून, आणि आज तुम्हाला नक्की काय पाहिजे. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी विचारत नाही. मधे तोडायचं नाही, सुरुवात १९८५ सालापासून झाली तरी ऐकायचं. सोबत आलेला भाचा, शेजारी, सरपंच जास्त बोलत असेल तर त्याला चहाला पाठवायचं, टेबलामागच्या आपल्या दोघांपैकी एकानं त्याच्याबरोबर जायचं आणि दुसऱ्यानं मग त्या माणसाला एकट्याला पुन्हा पहिल्यापासून विचारायचं. गोष्ट बदलते, बघाच तुम्ही.

लिहून घेताना तारखा टाका. "मागच्या उन्हाळ्यात" म्हणाल्या तर अक्षय तृतीयेच्या आधी का नंतर विचारा, सण आणि बाजाराचा वार यावरून तारीख निघते. कागद सगळे बघा पण ओरिजिनल एकही ठेवून घेऊ नका, झेरॉक्स काढून मूळ कागद त्यांच्या पिशवीत त्यांच्या हातानं परत घालू द्या. अर्ज तयार झाला की अंगठा किंवा सही घ्यायच्या आधी अख्खा अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा, त्यांच्या भाषेत, कारण "प्रतिवादी" म्हणजे आपला पोरगा हे कळल्यावर माघार घेणाऱ्या आया मी बघितल्यात, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

पोच

आजींचं पुढं काय झालं? मी अर्ज लिहिला, तालुक्याच्या एका ऑफिसात नेऊन दिला, तिथल्या माणसानं घेतला, "ठेवा इथं" म्हणाला, मी ठेवला आणि खूश होऊन परत आले. पंधरा दिवसांनी गेले तर कुठला अर्ज? कधी दिला? कोणाकडं दिला? नावावरून शोधलं, सापडला नाही. चूक त्यांची होती का, होती, पण माझी जास्त होती.

दुसरा अर्ज दोन प्रतींत नेला. एक त्यांना, दुसऱ्यावर आवक शिक्का, तारीख, आवक नंबर आणि घेणाऱ्याची सही. तो शिक्का मारताना जरा कुरकुर झाली, साहेब जेवायला गेलेत म्हणाले, मी म्हटलं बसते. पाऊण तास बसले. शिक्का निळा, थोडा पुसट, तारीख हातानं लिहिलेली. त्या पुसट शिक्क्यावर सव्वा महिन्यानं आजींचं नाव चढलं कारण आता विचारायला गेलं की "अर्ज नंबर अमुक, तारीख तमुक" म्हणता यायचं आणि समोरच्याला रजिस्टर उघडावंच लागायचं. पोच मिळाल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, अगदीच कोणी शिक्का देईना तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचा.

पोलीस स्टेशनला पण तेच. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) असेल तर एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत द्यायची असते. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी नोंदवून घ्यावा लागतो. घेतच नसतील तर तक्रारीतला मजकूर लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांना. तिथं जाऊन हुज्जत घालू नका, तुम्ही परत कॉलेजला येणार आहात, त्या माणसाला त्याच हद्दीत राहायचंय.

पोटगीचा अर्ज, एक नमुना म्हणून

रेशन सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांनी आजी आपणहून परत आल्या आणि यावेळी जमिनीचं बोलल्या. तांदळाचं काम झालं नसतं तर आल्याच नसत्या असं मला वाटतं.

२००७ चा हा ज्येष्ठ नागरिक कायदा विद्यार्थ्यांनी शिकायला एकदम चांगला, कारण भाषा सोपी आहे आणि बरंचसं काम साध्या अर्जावर चालतं. आईवडील असतील तर वयाची अट नाही, बाकी ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० पूर्ण. अर्ज न्यायाधिकरणाकडं, आपल्याकडं म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडं. जिथं ते राहतात किंवा शेवटचे राहत होते किंवा मुलं राहतात, यातल्या कुठंही करता येतो. स्वतः जाता येत नसेल तर त्यांनी नेमलेली दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. मूल म्हणजे मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं पण. आया मुलींची नावं घालू देत नाहीत, "ती परक्या घरची", तर कायदा काय म्हणतो ते सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. मूलबाळ नसेल तर ज्याला पुढं इस्टेट मिळणार आहे किंवा जो आत्ताच ती वापरतोय त्या नातेवाइकावर अर्ज होतो.

अर्जात महिन्याचा खर्च मोघम लिहू नका. "उदरनिर्वाहासाठी योग्य रक्कम" यानं काहीच होत नाही. बीपीची गोळी किती, महिन्यातून दोनदा दवाखान्याची एसटी किती, दूध, गॅस, लाइट, असं ओळीनं लिहा आणि मेडिकलची बिलं जोडा. कायद्यात वरची मर्यादा महिना १०,००० आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल लागावा, फार तर ३० दिवस वाढ, असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे पहिल्या दिवशीच खरं सांगा. मधल्या काळासाठी अंतरिम रक्कम मागता येते ती मात्र अर्जातच मागा, विसरू नका. कलम १७ म्हणतं की दोन्हीकडून वकील नाही, पण केरळ आणि दिल्ली हायकोर्टानं पुढं वेगळं म्हटलंय, त्यामुळं मुलाच्या बाजूनं काळा कोट दिसला तर दचकू नका.

कलम २३ बद्दल एक सावधगिरी. प्रत्येक बक्षीसपत्र रद्द होत नाही. सांभाळ करण्याची अट होती हे दाखवावं लागतं, २०२२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट सांगितलं, २०२५ च्या जानेवारीतल्या दुसऱ्या निकालात कायद्याकडं जरा उदारपणे बघितलं. म्हणून आधी दस्त शेवटच्या पानापर्यंत वाचा, सोबत केलेला वेगळा लेख आहे का विचारा, आणि "जमीन परत मिळते आजी" असं कोणालाही बोलू नका, ते पॅनलच्या वकिलांना बघू द्या.

आजींनी शेवटी जमीन मागितलीच नाही. तडजोड घडवणाऱ्या समेट अधिकाऱ्यासमोर मुलगा महिन्याला २,००० द्यायला तयार झाला, आदेश झाला, आमच्या ग्रुपवर हात जोडलेले आणि फुगे पडले. दोन महिने पैसे आले. तिसऱ्या महिन्यात बंद.

आणि इथं आमच्या एका ज्युनिअर पोरामुळं वाचलो, कारण तो दर महिन्याच्या दहा तारखेला फोन करून "आजी आले का पैसे" एवढंच विचारायचा. कायद्यात असं आहे की पैसे थकले तर वॉरंट निघू शकतं, महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते, पण थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज केला तरच. आजी स्वतःहून कधीच सांगायला आल्या नसत्या. "येईल की, पोरगाच हाय" म्हणत पाच महिने गेले असते आणि पहिले दोन हप्ते हातातून गेले असते. अर्ज वेळेत गेला, नोटीस निघाल्यावर मुलगा थकबाकी घेऊन आला. म्हणून मी म्हणते, आदेशाची कॉपी फाइलला लावली म्हणजे काम झालं असं नाही, दहा तारखेचा फोन लावत राहायचा.

काही ठिकाणी जास्त जपून

घरगुती हिंसाचाराची बाई आली तर तिला पहिलं विचारा, कुठल्या नंबरवर आणि किती वाजता फोन केलेला चालेल. मोबाइल नवऱ्याकडं असतो. व्हॉट्सॲपवर काही पाठवू नका, माहितीपत्रक पर्समध्ये कोंबू नका, सापडलं की त्या रात्री मार तिला बसतो. "आधीच का नाही आलात" हे तर अजिबात विचारायचं नाही. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, ते अहवाल भरतात, कोर्टात अर्ज होतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी असं कायदा सांगतो. घर कोणाच्याही नावावर असो, त्या घरात राहायचा तिला हक्क आहे, हे बऱ्याच बायकांना माहीत नसतं आणि ऐकल्यावर चेहरा बदलतो. तातडीचं असेल तर महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलिसांचा ११२.

लहान मूल काही सांगायला लागलं आणि म्हणालं "कोणाला सांगणार नाही ना?", तर "नाही सांगणार" असं वचन देऊ नका. पॉक्सो कायद्यात लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. मुलाला सांगायचं की तुला मदत करू शकतील अशाच लोकांना सांगेन. खोदून खोदून विचारू नका, त्याला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, लगेच केंद्राच्या मॅडमना गाठा. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लक्षात ठेवा. नाव, शाळा, गाव, फोटो यातलं काहीही हॉस्टेलच्या रूमवर सुद्धा बोलायचं नाही.

अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदारांना येण्याजाण्याचा खर्च मिळतो, तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, एवढं तरी सांगून ठेवा. बाकी वकिलांवर सोडा. म्हाताऱ्यांसाठी हेल्पलाइन १४५६७ आहे, तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवायला सांगा.

शिबिराबद्दल

माझं मत कोणाला आवडत नाही, तरी सांगते. बॅनर, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची चाळीस मिनिटं आणि खाली उन्हात बसवलेल्या बचत गटाच्या बायका, याला शिबीर म्हणणं मी सोडलंय. त्यापेक्षा बाजाराच्या दिवशी तहसीलच्या बाहेर, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी एक टेबल आणि चार खुर्च्या टाका. ज्यांना काम आहे ते तिथंच फिरत असतात. गावात जायचंच असेल तर आधी आशाताई आणि अंगणवाडीताईंना भेटा, कोणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना माहीत असतं, आणि सरपंचांना पण भेटा नाहीतर त्यांना राग येतो. एनएसएसचं सात दिवसांचं शिबीर असेल तर पाचव्या दिवसापर्यंत लोक बोलायला लागतात, म्हणून अर्ज लिहायचं काम शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवा.

मे महिना

परीक्षा झाली की सगळे गावाला जातात, शेवटच्या वर्षाचे तर कायमचे जातात, आणि प्रांत ऑफिसच्या तारखा मात्र मे महिन्यात पडतच राहतात. आमच्या केंद्रात एका वर्षी अशा तीन तारखा चुकल्या, कारण माणसाकडं ज्या मुलीचा नंबर होता ती पुण्याला नोकरीला लागली होती आणि तिनं सिम बदललं होतं. आता आम्ही रजिस्टरला शेवटचा कॉलम केलाय, "पुढचा फोन कोण करणार, कधी". नवीन मुलाला सोबत नेऊन त्या माणसाशी समोरासमोर ओळख करून द्यायची, दोघांनी मिळून एक फोन लावायचा, आणि मगच जुन्यानं आपलं नाव खोडायचं. केंद्राचा एक वेगळा नंबर घेतलाय, साधा बटणांचा फोन आहे, तो कपाटात चार्जरसकट असतो. किल्ली मॅडमकडं आणि एक ऑफिसमधल्या शिपाईकाकांकडं, कारण सुट्टीत कॉलेज उघडणारे तेच.